डमीच्या उत्तराची वाट

सिल्वासात नर्सिंग शिकवायला लागले तेव्हापासून मुली मला 'खेळवाली मॅडम' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण आमचं कॉलेज एवढंसं आहे की पाठीमागचं सगळं पुढेच ऐकू येतं. नाव पडायला कारणही तसंच आहे. वॉर्डात दिवसभर बडबड करणारी मुलगी तोंडी परीक्षेला परीक्षकासमोर बसली की तिला स्वतःच्या गावाचं नावही आठवत नाही. त्यात प्रश्न इंग्रजीत. मुलगी घरी बोलणार वारली, नाहीतर गुजराती, नाहीतर आमच्यासारखी खानदेशी वळणाची मराठी, आणि मैत्रिणींशी हिंदी. चार भाषांतून वाट काढत ती इंग्रजीपर्यंत पोचेतो परीक्षक पुढच्या मुलीला बोलावतो.

म्हणून मी खेळ आणले. फ्लेक्सवाल्याकडून जमिनीवर अंथरायची मोठी सापशिडी छापून घेतली. हात न धुता जखमेला हात लावला की साप, वापरलेली सुई बरोबर डब्यात टाकली की शिडी. उपकरणांची हाउजी केली. औषधांच्या अंताक्षऱ्या लावल्या. मुली किंचाळत, भांडत, एकमेकींना ढकलत शिकायला लागल्या. आमच्या प्रिन्सिपल मॅडम केरळच्या, शिस्तीला कडक, पण त्यांनाही ते आवडलं. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की यापुढे खेळांचे मार्क अंतर्गत परीक्षेत धरायचे. मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही.

हे सगळं आमच्या घरात पॅरालिसिस शिरण्याआधीचं.

माझे यजमान खडोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मी त्यांना 'अहो' म्हणते, म्हणून इथेही 'ते'च लिहिते. भर पावसाळ्यात एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून ब्रश पडला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे कळत सगळं होतं, डोळ्यांत सगळं दिसत होतं, पण शब्द तोंडापर्यंत यायला फार वेळ लागायचा आणि आला तरी अर्धाच यायचा. वापीच्या दवाखान्यातून घरी आणलं. नाशिकहून नणंद आली, राहिली, गेली. धुळ्याहून माझी आई आली, राहिली, गेली. दोघींनीही जाताना सांगितलं की मी फार खंबीर आहे. खंबीर कसली! दात काढण्याआधी सुई देतात ना, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं झालं होतं. फक्त ते गालापुरतं नव्हतं.

मी नर्स आहे, त्यामुळे त्यांचं करण्यात कसूर नव्हती. ठरल्या वेळी कूस बदलायची, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, पाठ कोरडी ठेवायची. पाठीला घाम आला की जखमा होतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. आणि त्यांना पंखा लागायचाच. कारखान्यातल्या उष्म्यातून घरी आले की आधी पंखा पाचवर, मग बूट, मग बायको, असा त्यांचा क्रम होता. म्हणून पलंग मी मुद्दाम पंख्याखाली घेतला. मी कॉलेजात असताना एक बाई त्यांच्याजवळ बसायची, तिलाही बजावून ठेवलं होतं की पंखा बंद करायचा नाही.

बोलण्याचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. त्यांना शब्द जमत नव्हते, तर शब्द मी पुरवायचे. "पाणी? उशी? टीव्ही? पंखा वाढवू?" असं भराभर विचारायचं, एखाद्यावर त्यांची मान हलायची, की काम झालं. चारांपैकी योग्य पर्याय निवडा. दवाखान्यातली स्पीच थेरपीवाली मुलगी म्हणाली होती, त्यांना वेळ द्या. वेळ द्या म्हणायला काय जातं! मला नऊच्या आत कॉलेज गाठायचं असे. एकदा मी विचारलं, "टीव्ही लावू?" मान हलली. लावला. जरा वेळाने विचारलं, "बंद करू?" तशीच मान हलली. त्या मानेवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

कॉलेजात मी खेळ घेतच होते. हात आपोआप चालतात. त्या महिन्यांतल्या फोटोंत मी हसताना दिसते, म्हणजे हसत असणार.

'वॉर्ड राउंड' हा खेळ मी त्या काळात केला. आमच्याकडे एक डमी आहे, प्लास्टिकचा पुरुष, त्याचा डावा हात निखळतो म्हणून खांद्याला क्रेप बँडेज गुंडाळलंय. त्याला पलंगावर झोपवायचं, दर खेपेला त्याचा एक आजार चिठ्ठीत लपवायचा, आणि मुलीने एकेक टप्पा पार करत तो ओळखायचा; तिने तपासलं की बीपी-तापाचे आकडे मी सांगायचे. हात धुणे, विचारपूस, तपासणी, अडचण ओळखणे, रिपोर्ट देणे. माझ्या हातात स्टॉपवॉच. जितका वेळ कमी तितके मार्क जास्त, आणि वेळ संपला की जिथे असाल तिथे खेळ खलास. नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले होते. विचारपुशीच्या टप्प्यासमोर लिहिलं होतं, 'रुग्णाला त्रास विचारा. उत्तराची वाट पाहा.'

आता यातली गंमत फक्त नर्सिंगवाल्यांनाच कळेल. डमीची विचारपूस कशी करायची हे कुणी शिकवत नाही, ते हाडात मुरलेलं असतं. एका दमात म्हणायचं, "नमस्ते दादा मैं आपकी सिस्टर हूँ कैसा लग रहा है थँक्यू," आणि म्हणता म्हणता बीपीचा पट्टा गुंडाळायला घ्यायचा. परीक्षक मान डोलावतो, मार्क मिळतो. मीही माझ्या काळात तसाच मिळवला होता. वर्गातली प्रत्येक मुलगी तसंच करत होती, आणि मी स्टॉपवॉच दाबत होते.

मग किलवणी गावच्या मुलीचा नंबर आला.

ही मुलगी आधीच काठावर होती. उगाच कौतुक कशाला करू, अभ्यासात ती बेताचीच. औषधांचे डोस तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळायचे. तोंडी परीक्षेत तर ती बोलायचीच नाही. खेळ खरं तर मी अशाच मुलींसाठी आणले होते, पण खेळांत तिचं आणखीच बिघडलं. घंटी दाबायच्या खेळात तिचा हात घंटीपर्यंत पोचायच्या आत बाकीच्यांनी उत्तरं देऊन टाकलेली असायची. मला ते दिसत होतं. बसच्या खिडकीतून रस्त्यावरचं भांडण दिसतं ना, तसं दिसत होतं.

तिने नीट हात धुतले. डमीच्या उशाशी आली. वाकली आणि म्हणाली, "दादा, मी तुमची सिस्टर. काय होते तुमाला?"

आणि थांबली.

डमीच्या तोंडाकडे बघत ती उभी राहिली. आधी मला वाटलं, विसरली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. स्टॉपवॉच पळत होतं. ती डमीवर आणखी जरा वाकली, हळू बोलणाऱ्याचं ऐकायला वाकतात तशी. मग सगळा वर्ग हसायला लागला. बऱ्याच वेळाने ती सरळ झाली, नाडी बघायला हात धरला, आणि तेवढ्यात वेळ संपला. आजार ओळखणं राहिलं, रिपोर्ट राहिला, मार्कही राहिले.

"थांबलीस कशाला?" मी विचारलं.

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "तुमीच लिवलाय ना मॅडम. उत्तराची वाट बघायची."

"अगं, तो प्लास्टिकचा आहे."

"हा मॅडम. पण पेशंट समजायचा ना त्याला?"

वर्ग पुन्हा हसला. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. मी मार्कांच्या रकान्यात आकडा लिहिला आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच. म्हणाली, "मॅडम, इंटरनलला गेले तं फायनलला बसता नाय येणार. बापूस बोलला, यंदा नाय झाला तं बस. बहीण राखोलीला धाग्याच्या कंपनीत हाये, तिच्या मशीनवर मना पण लावतील." रडली नाही की विनवण्या केल्या नाहीत. उद्या बस नाही, असं सांगावं तसं सांगितलं. मी "बघते" म्हणाले. आमच्या व्यवसायात 'बघते' म्हणजे बहुधा काहीच नाही.

पण मी खरंच गेले प्रिन्सिपल मॅडमकडे. दयेपोटी गेले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी वैतागून गेले. नियम माझा, अक्षर माझं, भिंतीवर चिकटवला मी, आणि तो तंतोतंत पाळणारी एकुलती एक मुलगी नापास! आपलेच दात नि आपलेच ओठ. प्रिन्सिपल मॅडमना मी म्हटलं की तिची फेरी पुन्हा घेऊ द्या.

त्यांनी चष्मा काढला. "रूल तो रूल है मॅडम. उसको टाइम दिया, तो बाकी लडकियाँ बोलेंगी हमको भी दो."

"सही बोलेंगी," मी म्हणाले. "तो टाइम हटा देते हैं."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या की डमीवर पुन्हा नाही, तिथल्या चिठ्ठ्या आता सगळ्यांना ठाऊक झाल्यात. खरा पेशंट हवा, नवीन केस, घड्याळ नको, आणि त्या स्वतः बसून बघतील. तिथे पास झाली तर पास, नाही झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही. अडचण एवढीच होती की वॉर्ड त्या आठवड्यात दुसऱ्या परीक्षांना दिलेले. होम व्हिजिट चालेल, त्या म्हणाल्या, पण कोणाच्या घरी?

"माझ्या घरी या," मी म्हणाले. चहाला या म्हणावं तितक्या सहज ते तोंडातून गेलं.

संध्याकाळी मी यजमानांना विचारलं, "विद्यार्थिनी येणार आहे, तुम्हाला तपासेल, चालेल?" मान हलली.

संक्रांत तोंडावर आली होती. समोरच्या गच्चीवर सकाळपासूनच पतंगवाल्यांचा आरडाओरडा चालू होता. मी स्वेटर घालूनच दार उघडलं. प्रिन्सिपल मॅडम शालीत कान झाकून आल्या आणि खुर्ची पलंगापासून दूर सरकवून बसल्या. मुलगी धुतलेल्या, इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये होती. वेणी दुमडून बांधलेली, आणि चेहरा पांढराफटक. तिने बाथरूम विचारलं, हात धुतले, आणि पलंगाच्या डाव्या बाजूला, त्यांना मान न वळवता दिसेल अशी उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

"काका, मी नर्सिंगची स्टुडंट. तुमाला काय त्रास होते?"

आणि थांबली.

त्यांनी तोंड उघडलं. "प..."

"पाणी हवंय त्यांना," मी म्हणाले आणि पेल्याकडे वळले.

"मॅडम," प्रिन्सिपल मॅडमनी पेन वर केलं, "आप पेशंट नहीं हैं."

मी पेला ठेवला. यजमानांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डाव्या हाताची मूठ चादरीवर आवळली होती, ओठ जुळत होते आणि सुटत होते. मला ते बघवेना. मला त्या मुलीचा राग आला, खरा राग, कितीतरी महिन्यांनी. कशाला छळतेय ही त्यांना? माझ्याकडे पर्याय तयार होते, एका मिनिटात प्रकरण मिटलं असतं. तिच्या तोंडावर मात्र ना कीव, ना घाई. राखोलीच्या फाट्यावर शेअर रिक्षाची वाट बघत बाया उभ्या असतात, तशी ती उभी होती. येईल तेव्हा येईल.

"पं...खा," ते म्हणाले.

हे तर मला पाठच होतं. मी पुढे होऊन रेग्युलेटरला हात घातला. तो पाचवरच होता. त्यापुढे आकडाच नव्हता.

"न..." त्यांनी मान हलवली नाही. तोंडाने म्हणाले, "न...को."

माझा हात रेग्युलेटरवरच राहिला.

"बंद करू काका?" मुलीने विचारलं, आणि विचारून पुन्हा थांबली. उत्तर आत्ताच तर मिळालं होतं, तरी थांबली.

"हो."

तिने माझ्या हाताशेजारचं बटण दाबलं. पंख्याची पाती दिसायला लागली, एकेक वेगळी झाली, आणि पंखा थांबला. पतंगवाल्यांचा आवाज एकदम घरात आला. ते म्हणाले, "थं...डी." अडखळत, पण अख्खा शब्द.

पाणी, उशी, टीव्ही, पंखा वाढवू. इतके महिने मी जे पर्याय त्यांच्यापुढे ठेवत आले, त्यांत बरोबर उत्तर कधी नव्हतंच. परीक्षेत असा प्रश्न काढणाऱ्या शिक्षकाला आम्ही मीटिंगमध्ये झापतो.

पुढची तपासणी काही ग्रेट झाली नाही. बीपीचा पट्टा तिने चांगल्या हाताला बांधला, तेवढं बरोबर. पहिला आकडा भलताच सांगितला, दुसऱ्यांदा घेतल्यावर ठीक आला. ताप बघायचा विसरली. गोळ्यांच्या पाकिटावरचा डोस वाचून दाखवताना अडखळली. पण प्रत्येक वेळी हात लावण्याआधी विचारत होती आणि विचारलं की थांबत होती, आणि ते उत्तर देत होते. "हो." "नको." एकदा तर "दुख...तं," आणि बोट खांद्याकडे. खांद्याचं मला माहीत नव्हतं. मी दारात उभी राहून परक्या घरातलं ऐकावं तसं ऐकत होते.

प्रिन्सिपल मॅडमनी बेरीज केली. वेळेच्या रकान्यात आडवी रेघ मारली. "पास," त्या म्हणाल्या, "बॉर्डर पे. डोस याद करो, समझी?"

"हा मॅडम," मुलगी म्हणाली. मग पलंगाकडे वळून म्हणाली, "येते काका," आणि तिथेही थांबली. त्यांनी डावा हात जरासा उचलला, तेव्हाच ती हलली. दोघी गेल्या. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला.

मी प्रिन्सिपल मॅडमची खुर्ची ओढून पलंगाला भिडवली आणि बसले. एरवी मी त्यांच्याजवळ बसत नसे, उभ्यानेच सगळं करायचे.

"अहो, कधीपासून वाजतेय थंडी?"

विचारताक्षणी जिभेवर पर्याय आले. काल रात्रीपासून? रविवारपासून? मी ते गिळले आणि ओठ मिटून बसले. ते माझ्याकडे बघत होते. आधी तोंड उघडेचनात, मी आता मध्येच काहीतरी म्हणेन याची वाट बघत असावेत. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला, पोरं ओरडली, शांत झाली. मग त्यांचे ओठ हलायला लागले.

"दि...वाळी," ते म्हणाले.

मी अंगातला स्वेटर काढला आणि त्यांना घालायला घेतला. आधी लुळा हात, मग चांगला, असा नियम आहे, तोही मीच शिकवते. बायकी स्वेटर त्यांच्या छातीवर पुरत नव्हता. मी एका हाताने दोन्ही कडा ओढून धरल्या आणि दुसऱ्या हाताने खालून एकेक बटण लावत वर गेले. गळ्याशी येईपर्यंत मी रडायला लागले होते, आणि शेवटचं बटण काही केल्या लागेना, कारण मला ते दिसतच नव्हतं.